व्हर्जन रिलीज

व्हर्जन रिलीज म्हणजे सॉफ्टवेअरचा कोड एका टप्प्याला गोठवायचा, तपासायचा, त्याला नंबर द्यायचा आणि मागच्या वेळेपासून काय बदललं ते चेंजलॉगमध्ये लिहून लोकांच्या हातात द्यायचा. ओपन सोर्समध्ये कोड उघडाच असतो, त्यामुळे बऱ्याच डेव्हलपर्सना वाटतं की रिलीज हवंच कशाला, मेन ब्रँच, म्हणजे सतत बदलणारा चालू कोड, घ्या आणि चालवा. वापरणाऱ्याचं तेवढ्यावर भागत नाही.

पुण्यात अप्पा बळवंत चौकात इंजिनिअरिंगचं पुस्तक मागितलं की समोरून आधी प्रश्न येतो, पॅटर्न, म्हणजे अभ्यासक्रम, कुठल्या वर्षीचा, २०१९ का २०२४? विषय तोच, नाव तेच, पण पॅटर्न चुकला तर पुस्तक उपयोगाचं नाही. सॉफ्टवेअरचंही तसंच. समजा कर्वेनगरच्या रूमवर दोघं मिळून फायनल इयरचा प्रोजेक्ट करतायत, एकाने लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) सोमवारी क्लोन केली, म्हणजे उतरवून घेतली, दुसऱ्याने गुरुवारी, मधे कुणीतरी एका फंक्शनचं नाव बदललं, आता सबमिशनच्या आदल्या रात्री एकाच्या लॅपटॉपवर चालतंय, दुसऱ्याच्या नाही आणि दोघंही म्हणतायत माझ्याकडे लेटेस्टच आहे. दोघंही खरंच बोलतायत! कमिट हॅशने, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाला मिळणाऱ्या लांबलचक खुणेने, कोड नेमका कुठला ते कळतं, पण नुसता हॅश बघून जुना कुठला, नवा कुठला, आणि मुळात हा वापरायला दिलाय की अर्धवट आहे, हे कळत नाही.

नंबर कसा द्यावा याचा सगळ्यात प्रसिद्ध नियम म्हणजे गिटहबचे एक संस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर यांचं सिमँटिक व्हर्जनिंग: जुनं काही मोडणार असेल तर पहिला आकडा वाढवा, नवीन सोय आली तर मधला, फक्त बग काढला तर शेवटचा. उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम तारखेवर चालते, २४.०४ म्हणजे एप्रिल २०२४. पद्धत कुठलीही चालेल, पण एक धरून ठेवावी.

नंबरची खरी किंमत कळली ती एप्रिल २०१४ मध्ये, हार्टब्लीडच्या वेळी. ओपनएसएसएल या इंटरनेटवरची माहिती गुप्त ठेवणाऱ्या लायब्ररीतल्या या चुकीमुळे सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर, अगदी पासवर्डसुद्धा, बाहेर वाचता येत होता. पण १.०.१ पासून १.०.१एफपर्यंत धोका, १.०.१जीमध्ये दुरुस्ती, ०.९.८ आणि १.०.० वाले सुरक्षित, इतकं नेमकं सांगता आलं. अ‍ॅडमिनने एक कमांड मारायची, नंबर बघायचा आणि ठरवायचं. रिलीजच नसती तर प्रत्येकाला स्वतःचा कोड उकलत बसावं लागलं असतं.

मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारे, बहुतेकदा फावल्या वेळात काम करतात आणि रिलीज काढणं कंटाळवाणं असतं, हे मान्य, तरी ०.३ म्हणून छोटी रिलीज काढली तरी चालते, लोक १.० साठी, म्हणजे पहिल्या पूर्ण आवृत्तीसाठी, वर्षानुवर्षं थांबतात ते चूक आहे. डेबियनसारखी डिस्ट्रो (अनेक सॉफ्टवेअर एकत्र बांधून दिलेली लिनक्स सिस्टिम) चालवणाऱ्यांनाही पॅकेज करायला असाच ठाम टप्पा लागतो. मात्र डेबियन स्टेबल, म्हणजे स्थिर आवृत्तीमध्ये, सहसा मूळ नंबर तसाच ठेवून फक्त दुरुस्ती आत आणतात, हार्टब्लीडच्या वेळीही १.०.१ई तेच राहिलं, म्हणून तिथे मूळ नंबरपुढे डेबियनने जोडलेलं शेपूटसुद्धा वाचावं लागतं.