पाठीतला गळ आणि कायद्यातली 'इजा'

देवासाठी देहाला पीडा द्यावी का, हा प्रश्न मराठीत किमान सातशे वर्षे विचारला जातो आहे. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सतराव्या अध्यायात डोक्यावर गुग्गुळ जाळणारे, पाठीत गळ घालून घेणारे, निखाऱ्यांनी अंग भाजणारे, उलटे लटकून धूर गिळणारे लोक येतात, आणि त्यांची रवानगी थेट आसुरी वृत्तीच्या खात्यात होते. गीतेच्या मूळ श्लोकांत नुसते 'घोर तप' आहे. गुग्गुळ आणि गळ टीकाकाराने जोडले, ते आजूबाजूला दिसत असल्याशिवाय सुचले नसते. आक्षेपही नेमका आहे: जो देह पिळतो तो देहात बसलेल्या देवालाच पिळतो. पुढे सरकारांनी, न्यायालयांनी आणि विधिमंडळाने जे जे आक्षेप घेतले, त्यांत हा एक कधीच नव्हता. खरे तर सगळ्यात जोरकस तोच होता.

गळ म्हणजे काय, हे आज बगाड (नवस फेडणाऱ्याला उंच लाकडाला टांगून मिरवायचा गाडा) पाहणाऱ्यांनाही नीट माहीत नसते. पाठीवर खांद्याच्या पात्याखालची कातडी चोळून, थापट्या मारून बधिर करायची. मग चिमटीत धरून वर उचललेल्या त्या घडीतून लोखंडी आकडा आरपार न्यायचा. बहुधा दोन आकडे, मणक्याच्या दोन बाजूंना. आकडा कातडी आणि तिच्याखालची चरबी एवढ्यातूनच गेला पाहिजे. तो स्नायूत उतरला तर रक्त थांबत नाही आणि जखम आत पिकते. आकड्यांचा दोर आडव्या शिडाच्या, म्हणजे लांब लाकडाच्या, टोकाला बांधायचा, शीड उभ्या खांबावर फिरते ठेवायचे आणि माणूस वर उचलायचा. अनेक ठिकाणी छातीला किंवा कमरेला कापडाचा पट्टा असे, आणि खरे वजन तोच पेले. पट्टा सैल पडला की सगळा भार दोन बोटे रुंद कातडीवर येतो आणि ती फाटते. उतरवल्यावर जखमेत हळद किंवा राख भरत. धनुर्वाताचा धोका खरा इथे असे, टांगलेल्या वेळेत नव्हे.

इंग्रजी अंमलात या प्रथेवर बरीच कागदपत्रे झाली. तिलाच बंगालमध्ये चरक म्हणत आणि कर्नाटकात सिडी. बंगाल सरकारने १८६५ मध्ये तिच्यावर बंदी घातली. मद्रास सरकारने मात्र १८५० च्या दशकात चौकशा करून विषय तसाच ठेवला आणि १८९४ पर्यंत थांबून जिल्हा दंडाधिकाऱ्यांना फौजदारी प्रक्रियेचे कलम १४४, म्हणजे तातडीच्या मनाई हुकमाचे कलम, वापरायला सांगितले. एवढा उशीर का, याचे उत्तर १८६० च्या दंडविधानात आहे. त्याच्या कलम ८७ नुसार अठरा वर्षांवरील माणसाने संमती दिली असेल, आणि मृत्यू किंवा जबर दुखापत होण्याचा हेतू वा संभव नसेल, तर त्याला झालेली इजा गुन्हा ठरत नाही. गळ टोचून घेणारा स्वखुशीने पुढे येई आणि बहुधा चार दिवसांत कामाला लागे. मग गुन्हा कोणता? म्हणून गर्दी, सार्वजनिक सुरक्षितता आणि शांतता या वाटेने जावे लागले. बंदी आली ती जत्रेच्या बंदोबस्ताचा भाग म्हणून. देहदंड ही भक्ती आहे की नाही, हा मुद्दा कागदावर बाजूलाच राहिला.

स्वखुशीलाही कुणी फारसे उलटून पाहिले नाही. बावधनला (ता. वाई, जि. सातारा) रंगपंचमीला भैरवनाथाचे बगाड निघते आणि बगाड्या कोण, हे होळीला देवाचा कौल लावून ठरते. नवस बोललेल्यांपैकी ज्याला कौल मिळेल त्याने चढायचे. कौल मिळालेला माणूस साऱ्या गावासमोर 'नको' म्हणू शकेल का? कायद्याच्या भाषेतली संमती आणि ही संमती यांत फार अंतर आहे. आता तिथे अंगात गळ जात नाही. बगाड्याला शिडाला बांधतात आणि बैलांच्या जोड्या शिवारातून गाडा ओढतात. धोका कातडीवरून लाकडावर आला आहे. शीड जितके उंच, तितका खाचखळग्यातला हिसका टोकाला मोठा बसतो. सांधा सैल असेल किंवा लाकडाला चीर असेल तर ते मोडते. बैल बिथरले तर गाडा गर्दीत घुसतो.

आता मुख्य गुंता. महाराष्ट्राच्या विधान परिषदेने १९९५ मध्ये अघोरी प्रथांविरुद्ध कायदा करण्याचा ठराव केला आणि कायदा व्हायला २०१३ उजाडले. मधल्या काळात मसुदे आले आणि अडले. २००५ च्या डिसेंबरमध्ये विधानसभेने विधेयक मंजूर केले, पण परिषदेत ते पुढे गेले नाही. वारकऱ्यांची हरकत मनापासूनची होती. अनवाणी चालून पायाला फोड येतात, एकादशीला पोट रिकामे राहते. हा त्रास आहेच, मग उद्या वारीलाच अघोरी म्हटले तर? २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात या कायद्यासाठी झटणाऱ्या कार्यकर्त्याची हत्या झाली, चार दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, दंड ५ हजार ते ५० हजार रुपये.

या जादूटोणाविरोधी कायद्याला दोन टोके आहेत. अनुसूचीप्रमाणे, अतींद्रिय शक्तीची कृपा व्हावी म्हणून जिवाला धोका होईल किंवा शरीराला जबर जखमा होतील अशा प्रथा पाळणे आणि इतरांना त्यासाठी उद्युक्त करणे हा गुन्हा. शेवटच्या खुलाशाप्रमाणे यात्रा, प्रदक्षिणा, परिक्रमा आणि 'शारीरिक इजा' न होणारे धार्मिक विधी कायद्याबाहेर. एकीकडे जबर जखम, दुसरीकडे इजाच नाही. मधला पट्टा रुंद आहे आणि त्याला नाव नाही. पोतराजाने स्वतःच्या अंगावर ओढलेला आसूड त्याच पट्ट्यात येतो. ओलेत्याने घातलेले लोटांगणही तिथेच: फरशी तापलेली असेल तर कोपर आणि गुडघे सोलतात, सलग गडगडत गेल्याने कानाच्या आतला तोल बिघडून भोवळ येते, आणि उपाशीपोटी असेल तर माणूस तिथेच आडवा होतो.

केसांचे उदाहरण तर पानांवर समोरासमोर आहे. भूत उतरवण्याच्या बहाण्याने कुणाचे केस उपटणे अनुसूचीच्या पहिल्याच नोंदीत गुन्हा आहे. खुलाशात जैनांच्या केशलोचाला नाव घेऊन सूट आहे. दिगंबर मुनी दोन ते चार महिन्यांनी डोक्याचे आणि दाढीमिशीचे केस हाताने उपटतात. बोटे घसरू नयेत म्हणून राख लावतात. कृती एकच आहे. फरक एवढाच की एकीकडे दुसरा माणूस ओढतो, दुसरीकडे साधक स्वतः. हे तत्त्व योग्यच आहे, पण कायद्यात ते कुठेही सरळ लिहिलेले नाही, फक्त दोन उदाहरणांमधून वाचावे लागते. ते लिहिले असते तर कौलाने निवडलेल्या बगाड्याविषयीही काही म्हणता आले असते.

बावधनच्याच वाई तालुक्यात मांढरदेवला २५ जानेवारी २००५ ला चेंगराचेंगरीत सुमारे तीनशे भाविक गेले. नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. त्यानंतर प्रशासनाचे सगळे लक्ष वाटा, कठडे आणि गर्दी यांकडे वळले. २०२१ मध्ये करोनाची बंदी मोडून बावधनचे बगाड निघाले आणि गुन्हे दाखल झाले, तेही साथीच्या नियमांखाली.

१ जुलै २०२४ पासून दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जबर दुखापत ठरायला तीव्र वेदना किंवा रोजचे काम न जमणे हे आधी वीस दिवस टिकावे लागे, आता पंधरा. गळाची जखम पिकली नाही तर त्याच्या आतच भरते.