भूवैज्ञानिक कालमापन

पृथ्वीच्या सुमारे ४५४ कोटी वर्षांच्या इतिहासाचे खडकांच्या पुराव्यावरून टप्पे पाडण्याची आणि त्या टप्प्यांची वये ठरवण्याची पद्धत. यात दोन वेगवेगळी कामे येतात. कोणती घटना आधीची व कोणती नंतरची, हा क्रम लावणे हे पहिले. ती किती वर्षांपूर्वी घडली हे मोजणे हे दुसरे. क्रमाचे काम एकोणिसाव्या शतकात बरेचसे झाले होते. वर्षांचे आकडे विसाव्या शतकात मिळू लागले आणि ते आजही सुधारले जात आहेत.

क्रमाचा मूळ नियम निकोलस स्टेनो याने १६६९ मध्ये मांडला: उलथापालथ न झालेल्या थरांत खालचा थर जुना, वरचा नवा. सह्याद्रीच्या कोणत्याही घाटात तो डोळ्यांनी पाहता येतो. तिथले लाव्हाचे थर जवळजवळ आडवे असल्याने घाट उतरणारा माणूस अधिकाधिक जुन्या खडकांकडे जात असतो. मात्र थरांची मालिका कुठेच अखंड नसते. स्कॉटलंडमधील सिकार पॉइंट येथे जेम्स हटन याने १७८८ मध्ये पाहिले, की जवळपास उभे झालेले जुने थर झिजून सपाट झाले आहेत आणि त्यांच्यावर तांबडा वालुकाश्म पसरला आहे. दोहोंच्या मधल्या काळाचा एकही थर तिथे उरलेला नाही. खडकातल्या अशा रिकाम्या जागेलाही काळ असतो, ही जाणीव या शास्त्राचा खरा पाया म्हणावी लागेल.

एका ठिकाणची पोकळी दुसऱ्या ठिकाणच्या थरांनी भरायची, तर दूरदूरचे खडक एकमेकांशी जुळवता आले पाहिजेत. ही वाट जीवाश्मांनी दाखवली. इंग्लंडमध्ये कालव्यांची मोजणी करणाऱ्या विल्यम स्मिथ याला प्रत्येक थरात ठरावीक जीवाश्म ठरावीक क्रमानेच येतात असे आढळले. त्या आधारे त्याने १८१५ मध्ये देशाचा भूवैज्ञानिक नकाशा प्रसिद्ध केला. थोड्या काळात दूरवर पसरून नष्ट झालेले जीव या कामी सर्वांत उपयोगी पडतात.

आजच्या सारणीत सर्वांत मोठा विभाग इऑन. त्याखाली महाकल्प, कल्प आणि युग असे लहान होत जाणारे विभाग येतात. डेव्हन, पर्म, जुरा ही कल्पांना नावे देणारी स्थळे युरोपातली आहेत, कारण ते थर आधी तिथे अभ्यासले गेले. विभाग समान लांबीचे नाहीत. ठळक जीवाश्मांचा काळ गेल्या सुमारे ५३.९ कोटी वर्षांचा आहे. त्याआधीच्या चारशे कोटींहून अधिक वर्षांसाठी सारणीत मोजकेच विभाग आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक सीमा जीवाश्मांअभावी सरळ आकड्यांनीच ठरवल्या आहेत.

इतर सीमा मात्र खडकातल्या एका नेमक्या बिंदूने ठरतात. त्याला सोनेरी खिळा म्हणतात. असा पहिला बिंदू १९७२ मध्ये आजच्या चेक प्रजासत्ताकातील क्लोंक येथे निश्चित झाला. क्रिटेशस या डायनोसॉरांच्या शेवटच्या कल्पाच्या अखेरीची सीमा ट्युनिशियातील अल केफ येथे, इरिडियम या उल्कांत विपुल असणाऱ्या धातूने युक्त मातीच्या पातळ थराच्या तळाशी आहे. भारताचे नावही सारणीत आले आहे. मेघालयातील मावम्लूह गुहेतील चुनखडीच्या स्तंभावरून सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी सुरू झालेल्या काळाला २०१८ मध्ये ‘मेघालयन’ हे नाव मिळाले. माणसाच्या प्रभावाचे स्वतंत्र युग मानण्याचा प्रस्ताव २०२४ मध्ये फेटाळला गेला.

बिंदू स्थिर राहतो, त्याचे वय मात्र मोजणीगणिक बदलू शकते. जुन्या मराठी पुस्तकांत डायनोसॉरांचा अंत साडेसहा कोटी वर्षांपूर्वी झाल्याचे वाचायला मिळते; आज तो आकडा ६.६ कोटी आहे. किरणोत्सर्गी पोटॅशियमपासून बनलेल्या आर्गॉन वायूवरून वय काढण्याच्या आर्गॉन पद्धतीत ज्या प्रमाण-खनिजाशी तुलना केली जाते, त्याचेच वय अधिक काटेकोर ठरल्याने हा बदल झाला.

वर्षे मोजण्याचे साधन किरणोत्सर्गाने दिले. झिरकॉन या खनिजाचा स्फटिक घडताना युरेनियम आत घेतो, शिसे जवळजवळ घेत नाही. पुढे युरेनियम ठरलेल्या वेगाने क्षय पावून शिसे होते. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ, सुमारे ४४७ कोटी वर्षे, युरेनियम-२३५ चे सुमारे ७० कोटी. एकाच कणात दोन घड्याळे असल्याने एक दुसऱ्याची चूक पकडते. ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्सचे सर्वांत जुने झिरकॉन सुमारे ४४० कोटी वर्षांचे आहेत. पृथ्वीचे वय क्लेअर पॅटर्सन यांनी १९५६ मध्ये उल्कांमधील शिशावरून काढले. कार्बन-१४ चा या कामी काही उपयोग नाही. त्याचे अर्धायुष्य ५,७३० वर्षे आणि आवाका सुमारे पन्नास हजार वर्षे, म्हणून डायनोसॉरच्या हाडांचे वय कार्बनने काढल्याचे कुठे वाचले तर ते विधान बाजूलाच ठेवावे.

महाराष्ट्राचा काळा कातळ, म्हणजे लाव्हा थिजून बनलेला बेसॉल्ट, या घड्याळांची कसोटी पाहतो, कारण बेसॉल्टमध्ये झिरकॉन क्वचितच सापडतो. म्हणून दोन लाव्हा थरांमधल्या तांबड्या मातीकट पट्ट्यांतून, तिथे पडलेल्या ज्वालामुखी राखेतले झिरकॉन वेचले जातात. दुसरीकडे बेसॉल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजावर आर्गॉन पद्धत वापरली जाते. दोन्ही मार्गांनी दख्खनचे मुख्य उद्रेक ६.६ कोटी वर्षांच्या आसपास, दहा लाख वर्षांहून कमी काळात झाल्याचे निघाले. पण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांचे तपशिलात जुळले नाही. झिरकॉन वापरणाऱ्या गटाच्या मते उद्रेक मोठमोठ्या झटक्यांनी झाले आणि त्यांपैकी पोलादपूरच्या लाव्ह्यांचा झटका, डायनोसॉरांच्या अंताशी जोडल्या जाणाऱ्या मेक्सिकोतील अशनी-आघाताच्या काही दशसहस्र वर्षे आधी सुरू झाला. आर्गॉन वापरणाऱ्या गटाच्या मते लाव्हा बराचसा सलग वाहत होता आणि त्याचा मोठा हिस्सा आघातानंतर बाहेर पडला. हा वाद क्रमाचा आहे, आणि तो सोडवायला सहा कोटींहून अधिक वर्षांच्या वयात काही हजार वर्षांची अचूकता लागते.