मारुला, हत्ती आणि निकामी झालेलं जनुक

आंबलेली मारुलाची फळं खाऊन झिंगलेले हत्ती! असे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर सतत फिरतात आणि लोक निःशंकपणे पुढे पाठवतात. डुलणारा हत्ती दिसला म्हणजे तो प्यायलेला आहे, हे मात्र सिद्ध होत नाही.

मारुला (स्क्लेरोकार्या बिर्रिया) हे आफ्रिकेतल्या कोरड्या माळरानांवरचं झाड. आंबा, काजू, बिब्बा, चारोळी यांच्याच कुळातलं. नर आणि मादी झाडं वेगळी. दक्षिण आफ्रिकेच्या भागात जानेवारी ते मार्चमध्ये लिंबाएवढी फळं हिरवीच खाली पडतात आणि जमिनीवर पिवळी होतात. चव आंबटगोड, 'क' जीवनसत्त्व संत्र्याहून कितीतरी जास्त आणि टणक कोयीत तेलकट बी. दक्षिण आफ्रिकेशेजारच्या एस्वातिनी या छोट्या देशात बायका या फळांची 'बुगानू' ही दारू करतात. हत्तीच्या कथेला आधार मिळतो तो इथेच.

2006 साली काही संशोधकांनी हिशेब मांडला. 3000 किलोच्या हत्तीला चढायची, तर 7 टक्के अल्कोहोल असलेलं 10 ते 27 लिटर पेय थोड्या वेळात पोटात जायला हवं. दिवसभर मारुलाशिवाय काहीच खाल्लं नाही, तरी जास्तीत जास्त निम्मा डोस मिळतो. शिवाय हत्ती फळं सडायची वाट बघत नाही, झाडावरचीही ओरबाडून खातो.

पण हा हिशेब माणसाला किती अल्कोहोल चढतं त्या मापाने केलेला होता, आणि खरी मजा इथून पुढे आहे. आपल्या अन्ननलिकेच्या आणि जठराच्या अस्तरात एडीएच-7 नावाचं विकर (एन्झाइम) असतं. अल्कोहोल रक्तात उतरण्याआधीच ते त्यातल्या काही भागाचं ॲसिटाल्डिहाइड हे वेगळंच रसायन करून टाकतं. सुमारे 1 कोटी वर्षांपूर्वी माणूस, चिंपांझी आणि गोरिला यांच्या सामाईक पूर्वजात या विकराच्या प्रथिनातलं 294व्या जागेवरचं ॲलनिन हे अमिनो आम्ल जाऊन तिथे व्हॅलिन हे दुसरं अमिनो आम्ल आलं. एवढ्याशा बदलाने विकराची इथेनॉल (दारूतलं अल्कोहोल) फोडण्याची क्षमता सुमारे 40 पट वाढली. जमिनीवर पडलेली, आंबू लागलेली फळं खाणाऱ्याला ही मोठीच सोय.

2020 साली कॅलगरी विद्यापीठाच्या संशोधकांनी 85 सस्तन प्राण्यांमध्ये हे विकर बनवणारं जनुक तपासलं. हत्तीत ते निकामी झालेलं आढळलं. गवत, पाला, साल यांवर जगणाऱ्याला त्याची गरज कमी, त्यामुळे त्यात बिघाड झाला तरी नैसर्गिक निवड तो बिघाड गाळून टाकत नाही. म्हणजे वजनाच्या प्रमाणात हत्तीला आपल्यापेक्षा कमी अल्कोहोल पुरत असेल. यकृतातली इतर विकरं किती भार उचलतात, तो प्रश्न वेगळा. त्यामुळे माणसाच्या मापाने 'अशक्य' म्हणणंही घाईचं, आणि रक्तातलं अल्कोहोल न मोजता 'प्यायला' म्हणणं तर त्याहून घाईचं.

2006च्या अभ्यासात हत्तीच्या डुलण्यामागची आणखी एक शक्यता सुचवली होती: हत्ती मारुलाची सालही खातात, आणि तिच्यात एका भुंगेऱ्याचे कोष असतात. आफ्रिकेच्या दक्षिण भागातले सान आदिवासी शिकारी आपल्या बाणांना अशा कोषांचं विष लावत.