सिम्युलेटरला जोडण्याआधी रिसीव्हरची मेमरी पुसून आणा

‘उपग्रह दिसतात, सिग्नल चांगला आहे, पण फिक्स मिळत नाही. तुमचा सिम्युलेटर बिघडलाय का?’ उद्यमबागेतल्या आमच्या चाचणीकक्षात नवा ग्राहक आला, की पहिल्या तासात हा प्रश्न येतोच. सिम्युलेटर म्हणजे टेबलावरच नकली जीपीएस सिग्नल तयार करणारे यंत्र, रिसीव्हर म्हणजे ट्रॅकरमधला तो सिग्नल घेणारा भाग, आणि फिक्स म्हणजे त्याने काढलेले स्वतःचे स्थान. म्हणून हे पत्रक.

ट्रॅकर, म्हणजे गाडी कुठे आहे हे कळवणारे यंत्र, बहुधा निपाणीहून किंवा गोकुळ शिरगावहून गाडीच्या डॅशबोर्डवर चालू अवस्थेतच आलेला असतो. वाटभर त्याने खरे आकाश पाहिलेले असते. आजची तारीख, बेळगावचे अक्षांश-रेखांश, कोणता उपग्रह कुठे आहे, हे सगळे त्याच्या मेमरीत पक्के बसलेले असते. मग टेबलावर आपण त्याला सांगतो, की आज २० नोव्हेंबर २०३८ आहे आणि तू चोर्ला घाटात आहेस. त्याला ते पटत नाही. स्क्रीनवर उपग्रहांच्या सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या हिरव्या पट्ट्या चाळिशीपार जातात आणि स्थानाचा रकाना रिकामाच राहतो. यात सिम्युलेटरचाही दोष नाही, तुमच्या बोर्डाचाही नाही. रिसीव्हर जुन्या माहितीशी ताळा करत बसलेला असतो.

नुसती वायर काढून भागत नाही. बोर्डावर बटणसेल किंवा सुपरकपॅसिटर असतो, तो मेमरी जिवंत ठेवतो. कोल्ड स्टार्टची, म्हणजे सगळी जुनी माहिती पुसून नव्याने सुरू होण्याची, कमांडच द्यावी लागते. मीडियाटेकच्या बऱ्याच मॉड्यूलना पीएमटीके१०४ चालते, इतरांची डेटाशीटमध्ये सापडते. सिमकार्डही काढा. ते आत असेल तर मॉडेम नेटवर्कवरून आजची वेळ आणतो आणि पुसलेली पाटी पुन्हा भरते. कमांड दिल्यावर मिनिटभर हात लावू नका. जीपीएस उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो आणि सिम्युलेटरही तसेच करतो. विसाव्या सेकंदाला पुन्हा रीसेट केले, तर मोजणी पहिल्यापासून सुरू.

२०३८ कशासाठी? जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याचा आकडा दहा बिटांचा आहे, १०२४ आठवडे झाले की तो शून्यावर येतो. ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री तसे झाले, पुढची पाळी २० नोव्हेंबर २०३८ च्या मध्यरात्री. ही चाचणी जरूर करून घ्या, पण दिवसाच्या शेवटी. २०३८ पाहिलेला रिसीव्हर मागच्या तारखेला यायला फार त्रास देतो.

‘पॉवर थोडी वाढवा’ असेही ग्राहक सांगतात. खऱ्या आकाशातून जमिनीवर येणारा सिग्नल उणे १३० डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचे माप) आसपास असतो, आम्ही तिथूनच सुरुवात करतो. त्याहून फार वर गेले तर रिसीव्हर गोंधळतो, आणि मिळालेला निकाल रस्त्यावर उपयोगाचा राहत नाही. अँटेना लावून हवेतून चाचणी आम्ही करत नाही. परवान्याशिवाय ते बेकायदा आहे, शिवाय सांब्र्याचा विमानतळ जवळ आहे. केबल, अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) आणि डीसी ब्लॉक (बोर्डाकडून येणारा वीजप्रवाह अडवणारा) आमच्याकडे तयार असतात. अँटेना बोर्डालाच सोल्डर केलेली असेल तर शील्ड बॉक्स, म्हणजे सिग्नल बाहेर न सोडणारी पेटी, वापरतो, मात्र ते आधी कळवा.

दारातच ट्रॅकर बंद करून घेतो म्हणून काही जणांना राग येतो. पण भाडे तासावर आहे, आणि फिक्सची वाट पाहण्यात गेलेला तास तुमच्याच बिलात चढतो. चोर्ल्याला गाडी पिटाळून चाचणी करता येते, नाही असे नाही. पण दुसऱ्या फेरीत उपग्रह तसेच नसतात. इथे तोच घाट, तीच झाडांच्या आडोशाची जागा फर्मवेअरच्या प्रत्येक नव्या आवृत्तीला जशीच्या तशी मिळते.

नाविक, म्हणजे भारताची स्वतःची जीपीएससारखी यंत्रणा, हवी असेल तर चिपचा बँड (ती कोणत्या रेडिओ लहरींवर चालते ते) पाहून घ्या. जुने नाविक उपग्रह एल५ आणि एस बँडवर बोलतात, एल१ ची सोय मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहापासून आली.

येण्याच्या आदल्या दिवशी मॉड्यूलचा नंबर पाठवा. कोल्ड स्टार्टची कमांड आम्ही शोधून, लिहून ठेवतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत.