चालू व्हीएमला (आभासी सर्व्हरला) जागा द्यायची: नवी डिस्क जोडून की जुनीच वाढवून?

तिकिटात (मदतीच्या नोंदवलेल्या मागणीत) एवढंच असतं: ‘सर्व्हर बंद न करता डिस्क वाढवून द्या.’ याचे मार्ग दोन, आणि नंतरची कटकट दोन्हींची वेगळी. इथे केव्हीएम (लिनक्सवर व्हीएम चालवणारी यंत्रणा) आणि लिबव्हर्ट (त्या व्हीएम सांभाळणारं साधन) धरून सांगतो.

नवी डिस्क जोडायची तर लिबव्हर्टची ‘व्हर्श अटॅच-डिस्क’ ही कमांड. नुसता ‘लाइव्ह’ पर्याय दिला तर डिस्क लगेच मिळते, पण व्हीएम पूर्ण बंद करून चालू केली की ती गायब. आतून रीबूट केल्यावर मात्र ती टिकते, म्हणून चाचणीत हे लक्षातच येत नाही. तोवर कोणी ती एफएसटॅबमध्ये (बूटला आपोआप माउंट करायच्या डिस्कची यादी) लिहिलेली असते, आणि पूर्ण बंदनंतरच्या बूटला लिनक्स थेट इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. म्हणून ‘पर्सिस्टंट’ पर्याय द्यावा, म्हणजे जोडणी कायम राहते. एफएसटॅबमध्ये व्हीडीबी असं नाव न लिहिता यूयूआयडी (फाइलसिस्टमचा न बदलणारा ओळख क्रमांक) लिहावा, सोबत ‘नोफेल’, म्हणजे डिस्क नसली तरी बूट अडत नाही.

आणखी एक मेख: क्यू३५ प्रकारच्या (आभासी मदरबोर्डच्या) व्हीएममध्ये व्हर्टआयओ-ब्लॉकच्या (व्हीएमसाठीची जलद डिस्क-जोडणी) प्रत्येक नव्या डिस्कला रिकामा पीसीआय-एक्सप्रेस पोर्ट लागतो. ते संपले की जोडणी नाकारली जाते. व्हर्टआयओ-स्कझी कंट्रोलर आधीपासून असेल तर एकावरच कितीतरी डिस्क बसतात. व्हीएम बनवतानाच तो घालून ठेवलेला बरा.

जुनी डिस्क वाढवायला ‘व्हर्श ब्लॉकरिसाइझ’. ‘क्यूईएमयू-इमेज रिसाइझ’ चालू व्हीएमच्या इमेजवर (डिस्क साठवलेल्या फाइलवर) कधीही नाही. डेटा बिघडू शकतो. बाहेरून डिस्क मोठी झाली तरी आत ‘डीएफ’ (मोकळी जागा दाखवणारी कमांड) जुनाच आकडा दाखवतं, कारण पार्टिशन आणि फाइलसिस्टम होती तेवढीच आहे. आधी पार्टिशन वाढवायला ‘ग्रोपार्ट’, मग फाइलसिस्टम एक्सटी४ असेल तर ‘रिसाइझ२एफएस’, एक्सएफएस असेल तर ‘एक्सएफएस-ग्रोएफएस’. हे माउंट असतानाच होतं. अट एकच, वाढवायच्या पार्टिशनच्या लगेच पुढे मोकळी जागा हवी. मध्ये स्वॅप (मेमरी कमी पडल्यावर वापरायचं पार्टिशन) आडवं आलं की अडलं. आणि एमबीआर हे जुन्या पद्धतीचं पार्टिशन टेबल ५१२ बाइटच्या सेक्टरवर २ टीआयबीपुढे जात नाही.

रूट (सिस्टमची मुख्य फाइलसिस्टम) भरत आलं असेल तर मी सरळ वाढवतो. डेटाबेस किंवा बॅकअपसाठी नवी डिस्क, कारण ती उद्या काढून दुसऱ्या व्हीएमला लावता येते. वाढवलेली डिस्क लहान करणं हा वेगळाच ताप: एक्सटी४ अनमाउंट करावं लागतं, एक्सएफएस जवळपास आकसतच नाही. एलव्हीएममध्ये (अनेक डिस्क एकत्र जोडून एक मोठा व्हॉल्यूम करणारी सोय) नवी डिस्क जुन्याच व्हॉल्यूममध्ये मिसळता येते, पण मग ती सुटी राहत नाही. दोन्हींपैकी एक गेली तरी सगळी फाइलसिस्टम गोत्यात.