मतनिर्णय (महाराष्ट्र)

निवडणुकीत कोणाला मत द्यायचे हे मतदाराने ठरवणे म्हणजे मतनिर्णय. महाराष्ट्रातील खेड्यात राहणाऱ्या मतदारावर ही वेळ पाच पातळ्यांवर येते : ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, विधानसभा आणि लोकसभा. शहरात पहिल्या तिघींच्या जागी नगरपंचायत, नगर परिषद किंवा महानगरपालिका असते. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो, तर स्थानिक स्वराज्य संस्थांच्या राज्य निवडणूक आयोग. मतदार मात्र तोच असतो, कारण स्थानिक निवडणुकांच्या याद्याही विधानसभेच्या यादीवरूनच तयार होतात. हाच मतदार गावात एकाला, जिल्ह्यात दुसऱ्याला आणि दिल्लीसाठी तिसऱ्याला मत देतो, तेव्हा त्याला चंचल म्हणण्याची घाई केली जाते. ती चूक आहे. प्रत्येक संस्थेच्या हातात वेगळी कामे असतात, आणि ज्याच्या हातात काम आहे त्यालाच जाब विचारणे हा मतनिर्णयाचा सर्वांत भक्कम पाया आहे.

याचा ठळक पुरावा १९९९ साली मिळाला. त्या सप्टेंबरात राज्यात लोकसभा आणि विधानसभेचे मतदान एकत्रच झाले. शिवसेना-भाजप युतीला लोकसभेच्या ४८ पैकी २८ जागा मिळाल्या, विधानसभेच्या २८८ पैकी मात्र १२५. काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेस दोन्हीकडे वेगवेगळ्या लढल्या होत्या, म्हणजे लढतीचे चित्र दोन्हीकडे सारखेच होते. तरी एकाच मतदान केंद्रात, एकाच रांगेतून आत गेलेल्या अनेकांनी केंद्रासाठी एक आणि राज्यासाठी दुसरा पक्ष निवडला. केंद्रात वाजपेयी सरकार आले, राज्यात विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले.

२०२४ मध्ये मे ते नोव्हेंबर या अवघ्या सहा महिन्यांत कौल उलटला. लोकसभेत महाविकास आघाडीने ४८ पैकी ३० जागा जिंकल्या, विधानसभेत महायुतीने प्रचंड बहुमत मिळवले. नाशिक पट्ट्यातील कांदा उत्पादकांचे मत इथे बारकाईने पाहण्यासारखे आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांदा निर्यात बंद केली होती आणि भाव कोसळले होते. लोकसभेला दिंडोरीतून तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पराभूत झाल्या, आणि कांद्याचा रोष हे त्याचे एक प्रमुख कारण मानले गेले. निर्यातीचा निर्णय दिल्लीत होतो, त्यामुळे हा रोष योग्य दारात गेला. विधानसभेपूर्वी जुलैत राज्य सरकारची दरमहा १,५०० रुपयांची लाडकी बहीण योजना आली. घरात थेट पैसे येऊ लागले आणि चर्चेचा विषयच बदलला.

ग्रामपंचायतीला पक्षाचे चिन्ह नसते. कपबशी, कपाट, शिलाई मशीन अशी मुक्त चिन्हे असतात आणि लढत होते ती पॅनेलची. एकाच पक्षाचे दोन गट समोरासमोर उभे राहतात, भावकी फुटते, आणि कोणाच्या वस्तीची मते किती यावर गणित मांडले जाते. उमेदवाराला सगळे जण लहानपणापासून ओळखत असतात. त्यामुळे भाषणांपेक्षा नळाला पाणी किती दिवसांआड येते, घरकुलाच्या यादीत कोणाचे नाव आले, दाखल्यासाठी किती हेलपाटे घालावे लागले, या गोष्टी मोजल्या जातात. सरपंच थेट लोकांनी निवडण्याची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आली. तिच्यामुळे सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्याचे, असेही घडते. सदस्याला आणि सरपंचाला वेगवेगळा विचार करून मत देता येते, ही मतदाराच्या दृष्टीने मोठीच सोय आहे.

‘गाव बिनविरोध करू’ ही कल्पना ऐकायला चांगली वाटते, आणि काही गावांत ती खरोखर समजुतीने घडते. पण तिच्या आडून मतदाराचा हक्कच विकला जाऊ शकतो. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी इथे पदांचा लिलाव झाल्याचे उघड झाल्यावर जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने तिथली निवडणूक प्रक्रिया रद्द केली. मतदानाच्या आदल्या रात्रीचे ‘लक्ष्मीदर्शन’ हाही त्याच व्यवहाराचा किरकोळ प्रकार. मतासाठी पैसे देणे आणि घेणे दोन्ही गुन्हे आहेत.

जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत दोन मते असतात : गट या मोठ्या मतदारसंघातून जिल्हा परिषदेसाठी, गण या लहान मतदारसंघातून पंचायत समितीसाठी. मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडला जातो, पुण्यासारख्या शहरांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत. चार जागांच्या प्रभागात चार वेळा बटण दाबावे लागते, आणि प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा असतो. पहिल्या पसंतीचे नाव पक्के असते. उरलेल्या जागांसाठी बहुतेक जण चिन्ह पाहून बटण दाबतात. तिथे मतनिर्णय खऱ्या अर्थाने होतच नाही, आणि हा या प्रभागपद्धतीवरचा रास्त आक्षेप आहे.

उमेदवाराची माहिती मिळवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनी पक्का केला. त्यानुसार गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण यांचे शपथपत्र अर्जासोबत द्यावे लागते. ते वाचायला पंधरा मिनिटे पुरतात. मागच्या निवडणुकीतील शपथपत्र शेजारी ठेवले तर पाच वर्षांत संपत्ती किती वाढली तेही कळते. प्रचारात सहसा न सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी इथे उमेदवाराच्या स्वतःच्या सहीने मिळतात.

कोणीच पसंत नसल्यास ‘वरीलपैकी कोणीही नाही’ म्हणजेच नोटा हा पर्याय २०१३ पासून आहे. लोकसभा-विधानसभेत नोटाला सर्वाधिक मते पडली तरी त्याखालोखाल मते मिळवणारा उमेदवार विजयी ठरतो. महाराष्ट्रातील स्थानिक निवडणुकांत मात्र राज्य निवडणूक आयोगाच्या नोव्हेंबर २०१८ च्या आदेशानुसार नोटा हा काल्पनिक उमेदवार धरला जातो, आणि तो पहिला आला तर त्या जागेसाठी पुन्हा निवडणूक घ्यावी लागते.