डोह आणि फुगवटा

धरणामागे साठलेल्या पाण्याला, म्हणजे फुगवट्याला, सर्रास ‘डोह’ म्हटलं जातं आणि मग प्रश्न येतो, “बारा महिने एवढं खोल पाणी आहे, तरी जुने मासे कुठे गेले?” हे ऐकून मी थकलो आहे. फुगवटा सगळ्यांना ठाऊक असतो: भिंत, दरवाजे, टीएमसीचे आकडे. त्यावर वेळ घालवत नाही. कोण किती खोल, किती रुंद, हाही फरक किरकोळ.

घोळ होतो तो डोहाबद्दल. डोह पुरानेच कोरलेला असतो. सह्याद्रीच्या काळ्या कातळात पाणी दगडगोटे घुमवतं, खळगे पडतात, आणि दर पावसाळ्यात पूर आत साचलेला गाळ खरवडून नेतो. डोहाच्या वर आणि खाली गोट्यांवरून धावणारं उथळ पाणी, म्हणजे खळाळ, असतं. ते आटलं की मासे डोहात येऊन उन्हाळा काढतात. पहिल्या पुराला बाहेर पडून वर चढतात, तेच आपले चढणीचे मासे. महाशीर हा नदीतला मासा अंडी घालतो ती अशा वाहत्या पाण्यातल्या गोट्यांत, कारण तिथे त्यांना भरपूर प्राणवायू मिळतो. एकटा डोह त्याला पुरत नाही. डोह, खळाळ आणि मधली मोकळी वाट हे तिन्ही लागतं.

फुगवट्यात खळाळच बुडतो. वेग मरतो, गाळ बसतो, गोट्यांच्या फटी बुजतात. फटींतल्या किड्यांच्या अळ्या जातात, मग त्यांवर जगणारे मासेही. वरची वाट भिंत अडवते. उरतात ते साचल्या पाण्यात निभावणारे: भीमेवरच्या उजनी धरणात चिलापी, बाकी जलाशयांत बाहेरून आणून सोडलेले कटला-रोहू. त्यांवर मच्छीमारांची घरं चालतात, याबद्दल माझी तक्रार नाही. पण उजनीत रोहित पक्षी उतरतात म्हणून भीमा निरोगी, हे मला मुळीच पटत नाही. रोहित येतात ते जलाशयाच्या उथळ चिखलाळ काठांसाठी.

१८३९ मध्ये सायक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महाशीराचं शास्त्रीय वर्णन केलं, तेव्हा इथल्या लोकांच्या तोंडचं ‘खुद्री’ हे नावच त्याला दिलं. आज तो मासा बघायचा तर महाडकडे काळ नदीवरच्या वाळण कोंडीला जावं. कोंड म्हणजे डोहच. देवीचे म्हणून तिथले मासे कुणी धरत नाही.

पाणी अडवायचंच असेल, तर माझा कौल कोल्हापुरी बंधाऱ्याला. त्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्यानंतर घालतात आणि पुढच्या पावसाआधी काढतात. म्हणजे पुराच्या दिवसांत नदी वाहती राहते आणि गाळही पुढे जातो. पूर बंधाऱ्यावरून गेला की माशांना वर जायची संधी मिळते. पण बर्गे मृगाच्या आत निघायला हवेत. उशीर झाला की पोटात अंडी घेऊन आलेले मासे बंधाऱ्याखाली गोळा होतात, आणि जाळी नेमकी तिथेच लागतात.